उजव्या हाताचं दहावं घर

नियम असा: शाळेच्या कोपऱ्यापासून निघायचं,
भिंत उजव्या हाताला ठेवायची
आणि दर दहाव्या दाराची कडी वाजवायची.
कुलूप असेल तर शेजारचं नाही, पुढचं दहावं.
मे महिन्यात, ग्वाल्हेरच्या लष्करात, दुपारी सव्वादोनला
हा नियम करणारा नक्की कूलरसमोर बसला असणार.

दाराआड आधी कुत्रं, मग "कौन?"
मी ओळखपत्र धरते. फोटोत मी चार वर्षांनी तरुण.
नाही, काही विकत नाही. रेशनकार्डाचंही नाही.
नाव कुठे जाणार नाही, फक्त मत हवंय.
मत म्हटलं की माणसं
आधी गल्लीत दोन्हीकडे बघून घेतात.

घरातल्या कोणाशी बोलायचं, तेही मी ठरवायचं नाही.
ज्याचा वाढदिवस सगळ्यात अलीकडे होऊन गेला, त्याच्याशी.
जिवाजीगंजच्या मागे, इमरती कुशवाहांच्या घरात
सहाही माणसं एक जुलैला जन्मलेली.
शाळेच्या मास्तरांनी लिहिलं तसं.
टॅब अडकला. मीही.
बाई म्हणाल्या, मग मलाच विचार,
मी तशीही भेंड्या चिरत बसलेय.

प्रश्न सात: देश योग्य दिशेने चालला आहे का?
आतून नवऱ्याचा आवाज, "हाँ लिख दो."
बाईंनी एक देठ उडवला.
"उनकी दिशा उनसे पूछना."

प्रश्न चौदा: गेल्या वर्षभरात घरची परिस्थिती
खूप सुधारली, थोडी सुधारली, तशीच,
थोडी बिघडली, खूप बिघडली.
मुलाला गजकच्या कारखान्यात काम लागलं, ते धरू?
पण ते थंडीपुरतं.
म्हैस विकली, ते?
पैसे आले म्हणजे सुधारली,
म्हैस गेली म्हणजे बिघडली.
तू शिकलेली, तूच बेरीज कर.
मी "तशीच"वर बोट नेलं.
तशीच कशी? म्हैस दिसते का तुला कुठे?

प्रश्न एकवीस: घरातल्या मुलीनं जातीबाहेर लग्न ठरवलं तर
तुमची हरकत असेल का?
सुरी थांबली.
मोरीत भांडी घासणारी मुलगीही थांबली.
एक दिवसाआड येणारं पाणी तेवढं नळातून वाहत राहिलं,
कोणी बंद केलं नाही.
"आगे का पूछो."
मी अठ्ठ्याण्णव दाबलं: उत्तर देण्यास नकार.
नव्व्याण्णव म्हणजे सांगता येत नाही.
दोन्हींतला फरक आम्हाला भोपाळला
एक अख्खा दिवस शिकवला होता, समोशासकट.

शेवटी भाषा. त्यांची हिंदी, पहिल्या चौकटीत.
तुमच्या घरी काय बोलतात, त्यांनी विचारलं.
मराठी. पाच पिढ्या इथेच.
"अच्छा, दक्खिनी हो. वो कहाँ लिखती हो?"
मी स्क्रीन खाली सरकवून दाखवली: इतर.

निगमसाहेबांचा रात्री फोन.
ताई, नव्व्याण्णव फार येतायत, जरा खोदून विचारत जा.
मग ऑफिसात आकडे जुळवले.
पन्नाशीपुढच्या, शाळा न पाहिलेल्या बायका
कमी सापडल्या म्हणे,
म्हणून इमरतीबाईंना भारांक मिळाला दोन पूर्णांक तीन.
म्हणजे त्या स्वतः, आणखी एक सबंध बाई,
आणि एकीचा जेमतेम तिसरा हिस्सा,
ज्यांनी म्हैस विकली, एकविसाव्याला गप्प बसल्या,
आणि ज्यांच्या दारी मी गेलेच नाही.
टीव्हीवर आकडा आला तेव्हा खाली बारीक अक्षरात होतं,
चूक तीन टक्के, वर किंवा खाली.

एक सांगायचं राहिलं.
त्या दुपारी गल्लीच्या तोंडाशी ती मुलगी पळत आली,
कोपरापर्यंत राख, ओढणी कमरेला खोचलेली.
"दीदी, इक्कीस नंबर में क्या लिखा?"
हे सांगायचं नसतं.
मी सांगितलं. अठ्ठ्याण्णव.
"मतलब हाँ कि ना?"
दोन्ही नाही, म्हटलं.
तिनं राखेचा हात कपाळाला लावून
जरा विचार केला.
"तो हाँ भी हो सकता है,"
म्हणाली, आणि नळ बंद करायला परत पळाली.